काकाजींचा एकविसावा दिवस

तब्येत सुधारायला आमच्या काकाजींनी जितक्या वेळा सुरुवात केली, तितक्या वेळा अख्ख्या वऱ्हाडात कोणी केली नसेल. काकाजी म्हणजे अमरावतीतले माझे घरमालक, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. तिवसा तालुक्यातल्या खेड्यातून मी कॉलेजला आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत सहा वर्षं राहिलो. एकतीस डिसेंबरला ते व्हरांड्यातल्या फळ्यावर स्टँडवरच्या वेळापत्रकासारखं ठळक अक्षरात लिहून ठेवत: साडेपाच, फिरणे, साडेसहा, मोड आलेली मटकी, सात, सूर्यनमस्कार बारा. खाली सही आणि तारीख. मार्चपर्यंत त्यातलं काही उरत नसे, तरी काकू फळा पुसत नसत. डिसेंबरात काकाजी तीच अक्षरं पुन्हा गिरवत आणि काकू तारखेतलं साल बदलून देत.

एक तारखेला पहाटे माझ्या दारावर थाप पडे आणि गाडी सुटत असल्याची घोषणा होई. गाडी वेळेवर सुटे, पण विनाथांबा कधीच नसे. पहिल्या चौकात पोहे, पुढे गिला वडा. वडा दह्यात बुडालेला असतो आणि दही पचनाला चांगलं, असं ते मला गंभीरपणे समजावत. आमच्याकडे नवीन वर्ष येतं तेच मुळी खाण्याच्या दिवसांत. हुरडा, तीळगूळ, शेतातली जेवणं, आणि काकाजींना बोलावणी फार. स्वतःच्या हाताने वाढून घेतलं तेवढंच खाण्यात धरायचं, असा त्यांचा नियम होता. काकूंनी टोकलं की म्हणत, “मी कुठं खाऊन राहिलो? लोक वाढून राहिले.”

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. कोणता फॉर्म कुठे भरायचा, त्यावर सही कशी करायची, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे, हे मला काकाजींनी शिकवलं. फिरताना ते परीक्षेचे प्रश्न विचारत आणि उत्तर चुकलं की रस्त्यातच उभे राहत. बरोबर येईपर्यंत पुढे पाऊल टाकत नसत. त्यांचं चालणं कमी पडलं त्यात माझ्या कच्च्या इतिहासाचाही वाटा आहे. आजही सही करताना मला ते आठवतात.

तीन वर्षांपूर्वी एक जानेवारीला फळा पुसून कोरा केलेला होता. दारावर थापही पडली नाही. काकाजींनी अखेर हात टेकले, असं मी काकूंना हसत म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण मी ते मनावर घेतलं नाही. त्याच महिन्यात मला अकोल्यातल्या नोकरीचा आदेश आला. मला नोकरी लागली तर शेतातल्या मारोतीला रोडगे करीन आणि पहिला रोडगा पोराला शिकवणाऱ्याच्या हाताने मोडवीन, असा मायचा नवस होता. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीसोबत खायचे. पहिला मोडल्याशिवाय पंगत सुरू होत नाही.

शेताच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून जाताना काकाजी मला हळूच म्हणाले, “मले भाजी अन् ताक दे. बाकी बंद आहे.” त्यांची बंदी मी सहा वर्षं पाहत आलो होतो.

गावातली चाळीसेक माणसं पंगतीत बसून होती. काकाजींनी रोडगा मोडला, कपाळाला लावला आणि पानावर ठेवला. माय तुपाची वाटी घेऊन समोर उभी. “भाऊ, खा ना,” ती म्हणाली. “पोरगं तुमच्यानंच शिकलं.” काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी मोठ्याने म्हणालो, “माय, वाढ तू. काकाजीचं बंद दरसाल असते.”

पंगत हसली. काकाजीही हसले आणि चार रोडगे खाल्ले.

परतीच्या बसमध्ये काकाजींनी डाव्या पायातली चप्पल काढली. मग म्हणाले, “आज एकविसावा दिवस व्हता.” डाव्या तळपायाची जखम भरत नव्हती, साखर उतरली नाही तर पाय जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि यंदा एक तारखेपासून न लिहिता, न सांगता करून पाहू असं त्यांनी ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. “तुया मायले सांगू नको,” एवढंच ते पुढे बोलले.

एका जेवणाने पाय जात नाही, हे मलाही समजतं. पण मोडलेलं वर्ष मधूनच सुरू करता येतं, हे काकाजींना कधी पटलं नाही. सुरुवात करायची ती एक जानेवारीलाच. मी अकोल्याला रुजू झालो. काकूंचं ते ऐकत नसत, आणि उद्यापासून पुन्हा लागा, मी येतो सोबत, असं म्हणणारं दुसरं कोणी त्यांच्याजवळ नव्हतं. फोनवर ते सगळं ठीक असल्याचं सांगत आणि मला ते खरं मानणं सोयीचं होतं. पावसाळ्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

आता ते आणि काकू अकोल्यात मुलीकडे असतात. मी रविवारी जातो, खांद्याचा आधार देतो, आम्ही फाटकापर्यंत जाऊन येतो. जेवण काकू मोजून वाढतात आणि ते मुकाट्याने तेवढंच जेवतात. मायला पाय गेल्याचं माहीत आहे, बाकी नाही. मी गावाहून निघताना ती त्यांच्यासाठी रोडग्यांचा डबा बांधून देते. काकाजी झाकण उघडतात, तुपाचा वास घेतात, झाकण लावतात. मग काकू ते शेजारी देऊन टाकतात.

“तिले सांग, चार खाल्ले,” ते म्हणतात.

मी तसंच सांगतो. डबा दर खेपेला थोडा जड होत चालला आहे.