एका पंखाची मुलगी

लेकीबरोबर अ‍ॅनिमेवेड्यांच्या मेळाव्याला गेले होते. निळे केस, फोमच्या तलवारी. जपानी चित्रकथांतली पात्रं बनून आलेल्या या मंडळींपैकी मला एकही ओळखता येईना. भिंतीशी एक मुलगी उजव्या खांद्याला एकच पांढरा पंख लावून उभी होती. फोटो काढणारा म्हणाला, "ताई, जरा मधे या ना."

ती हलली नाही. डावीकडची जागा दाखवत म्हणाली, "नको. आम्ही दोघी बहिणी मिळून एक पक्षी व्हायचो. इथे ती असायची."

मला आई आठवली. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पलंगाच्या भिंतीकडच्या कडेलाच अंग चोरून झोपते.

 फोटोवाला ती रिकामी जागा चौकटीत मावेल इतका मागे सरकला.