घुमटाखालची खुर्ची

बांधकामावर दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही, राडारोड्याचा आणि किश्शांचा. राडारोडा निदान गाडीत भरून नेता येतो. किस्से डोक्यातच पडून राहतात. आज थोडे रिकामे करतो.

निजामाच्या राजवटीत सेलूला सरकारी मुसाफिरखान्याचं काम निघालं. सगळा हैदराबादी थाट! टोकदार कमानी, जाळ्या, कोपऱ्यांत मिनार आणि मधोमध घुमट. मी तिथं मुन्शी. ओव्हरसियर दिगंबरराव हैदराबादचे, टाय लावून चुन्यात फिरायचे. मिस्त्री झरीचा महादप्पा. त्याच्या उस्तादानं जन्मभर घुमट बांधले, पण नाव एकावरही नाही. महादप्पाचा स्वतःचा हा पहिलाच घुमट, आणि दारावरच्या दगडात आपलं नाव यावं एवढीच त्याची इच्छा होती.

*

नकाशा आला तो अर्ध्या इमारतीचा. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून काढणाऱ्यानं डावीच काढलेली. दिगंबरराव म्हणाले, "सरकारनं अर्धीच मंजूर केली आहे."

महादप्पा म्हणाला, "साहेब, अर्धी कमान हुबी ऱ्हात न्हाई."

"मंजुरीशिवाय एक वीट पुढं जायची नाही."

उरलेल्या अर्ध्यासाठी अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, "नकाशाशेजारी आरसा धरा."

मग न्हाव्याचा आरसा बांधकामावर आला तो काम संपेपर्यंत गेलाच नाही. तेवढे दिवस निम्मं सेलू दाढ्या वाढवून फिरलं.

*

त्याच नकाशावर एकदा मी चहाची बशी ठेवली. गोल डाग पडला. दुसऱ्या दिवशी बघतो तर महादप्पा भिंतीत गोल खिडकी सोडायलाय.

"मिस्त्री, हे काय?"

"नकाशात हाय."

खरं सांगावं तर माझी नोकरी जाणार, म्हणून गप्प बसलो. दिगंबररावांनी आरसा धरला आणि पलीकडेही एक खिडकी करायला लावली.

*

चुन्यात गूळ पडायचा. वर झिलईसाठी दिगंबररावांना अंड्याचं पांढरं पाहिजे. महादप्पा लिंगायत, तो अंड्याला हात लावेना.

"मग बेलफळाचा गर घाल."

"बेल म्हादेवाचा. भिताडाला कसा चोपडू?"

आठ दिवस वाद. तेवढ्यात बाजारच्या म्हशींना गुळाचा वास लागला आणि त्यांनी समोरची भिंत चाटून चाटून लख्ख केली. दिगंबररावांनी रिपोर्ट दिला, "झिलईचं काम देशी पद्धतीनं पूर्ण." लिहिणारा मीच.

*

घुमटाची शेवटची वीट बसायच्या आधीच दारावर दगड बसला. त्यावर एकच नाव, दिगंबररावांचं. महादप्पा दिगंबररावांकडे गेला.

"साहेब, माजं बी... बारीक अक्षरात."

"दगडावर जागा नाही."

चांगली वीतभर जागा होती. मला लय वाईट वाटलं, पण साहेबापुढं मुन्शी काय बोलणार?

*

घुमटाखालचे टेकू काढायच्या दिवशी हैदराबादहून बडे इंजिनियर साहेब आले. म्हशींच्या भिंतीवरून हात फिरवून "क्या झिलई है" म्हणाले. दगडावरचं नाव वाचलं. वर पाहिलं.

"गुंबद किसने बनाया?"

"मैंने, हुजूर," दिगंबरराव पुढे झाले.

महादप्पा आत गेला. त्यानं घुमटाच्या बरोबर खाली खुर्ची मांडली आणि उपरण्यानं पुसली.

"बसा साहेब."

"कशाला?"

"आमच्यात रिवाज हाय. टेकू काढताना बांधणाऱ्यानं खाली बसायचं. पडला तर त्याच्यावरच पडावा."

बडे साहेब खूश झाले. "बहुत अच्छा रिवाज है. बैठिये."

दिगंबररावांनी वर पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, टाय सैल केला. "हुजूर, मैंने तो सिर्फ देखा. बनाया इसने."

"पर दगडावर माजं नाव न्हाई," महादप्पा म्हणाला. "ज्याचं नाव, त्यानं बसावं."

गडी टेकूंना दोर बांधून थांबलेले. सगळे दिगंबररावांकडे बघायलेत. त्यांनी माझ्याकडे हात केला.

"मुन्शीजी, छिन्नी आणा."

टाय खांद्यावर टाकून ते शिडीवर चढले आणि स्वतःचं नाव खरवडून काढायला लागले. महादप्पा खुर्चीत बसला, मांडीवर पानाची चंची उघडली. "काढा रे टेकू."

टेकू निघाले. धूळ खाली बसली. घुमट जागचा हलला नाही.

महादप्पानं पानाला चुना लावत शिडीकडे बघितलं.

"साहेब, तुमचं बी बारीक अक्षरात लिवलं तरी चालतंय."