विहिरीकडचा आणि ओढ्याकडचा

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय त्याने आमचा मळा पाहिलेला नसणार. नाशिकच्या कोल्ह्यांना द्राक्षं चांगली गोड लागतात. घड भरायला लागले की ओढ्याच्या झुडपांतून येतात आणि खालचे घड असे साफ करतात की नुसते देठ लोंबत राहतात. खातात त्याहून नासवतात जास्त.

त्या वर्षी माझं सगळं त्या घडांवर होतं. फाल्गुनात नवरा विषमज्वराने गेला. मी बावीस वर्षांची, पोटी मूलबाळ नाही. तेराव्यानंतर मामंजी, म्हणजे माझे सासरे, मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, येता हंगाम बघू. बाग राखलीस तर इथंच राहा, ती तुझीच समज. नाही जमलं तर बाग मक्त्याने देऊ आणि तुला येवल्याला भावाकडे पोचवू."

मामंजी वाईट नव्हते. माझं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, एवढंच. येवल्याला भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा म्हणजे काय, ते मात्र मला चांगलं माहीत होतं. मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. रडले नव्हते. बायका येऊन माझ्या गळ्यात पडून रडून गेल्या आणि मी आपली त्यांना पाणी देत होते.

वैशाखात शेजारच्या रिकाम्या रानात खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या. धनगर म्हातारा होता आणि तोंडाचा फटकळ. त्याच्या कुत्रीला दोन पिल्लं होती, दोन्ही नर, दोन्ही तांबूस. जाताना ठरलेलं धान्य पदरात पडल्यावर त्याने ती दोन्ही माझ्यापुढे आणून सोडली.

"बाई, बाग लांबडी हाय तुझी. एका कुत्र्याचं काम नाय," तो म्हणाला. "पन दोघं एका ताटलीत वाढवशील तर फसशील. ती एकमेकांची व्हतील, तुझी नाय. एक कोल्हा हिकडनं तोंड दावील, दोघं मिळून त्याच्यामागं पळतील, अन् बाकीचे मागून बाग खातील. तोडून ठेव त्यांना."

"किती दिवस?"

"भाऊ व्हता हे इसरंपर्यंत."

बागेच्या मधोमध मोटेचं पाणी नेणारा पाट होता. मी एका पिल्लाला पाटाच्या अलीकडे विहिरीजवळ बांधलं आणि दुसऱ्याला पलीकडे ओढ्याच्या अंगाला. नावं ठेवली नाहीत. विहिरीकडचा आणि ओढ्याकडचा, बस्स. नाव ठेवायलाही थोडा जीव लागतो आणि तो माझ्यात शिल्लक नव्हता.

पिल्लं रडली. एकाने इकडून सूर लावला की दुसरा तिकडून ओढायचा. मोट हाकणाऱ्या गड्याने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, एकदा तरी भेटवा हो त्यांना."

"तुला मोटेवर ठेवलंय की कुत्र्यांची वकिली करायला?" मी म्हटलं.

तो बैलांकडे वळला. आडून मला दगडाच्या काळजाची म्हणत असेल तर म्हणो बापडा. खरं सांगते, मला काहीच वाटत नव्हतं. ते रडणं कानावर पडायचं आणि मी ज्वारी निवडत राहायची. त्या वर्षी ते काम माझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

दोघांना भाकरी मी एकाच वेळी कधी दिली नाही. एकाकडून आले की हात राखेने घासून धुवायचे आणि मग दुसऱ्याकडे जायचं. बस, थांब, छू, हाड, एवढे शब्द शिकवले. रोज सकाळी गळ्यात दोरी घालून पाटापर्यंत न्यायचं. पाटाला पाय लागला की पायावर निरगुडीचा फोक. आपण होऊन मागे फिरला की भाकरीचा तुकडा. मोठं काही शास्त्र नव्हतं त्यात. न कंटाळता तेच तेच करायचं होतं आणि मला तरी दुसरं कुठे जायचं होतं?

श्रावणात एकदा ओढ्याकडच्याने दोरी तोडली. पाट ओलांडून गेला तो थेट विहिरीवर. दोघं एकमेकांवर पडून चिखलात लोळले, कान चावले, तोंडं चाटली. गडी हसायला लागला. मी दोघांनाही मारलं. विहिरीकडच्याला जरा जास्तच, कारण आलेल्याला त्याने हाकललं नव्हतं.

दिवाळीपर्यंत रडणं थांबलं. छाटणी आटोपली तेव्हा दोऱ्या सोडल्या, तरी दोघं पाटाच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दात विचकत होते. काम झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि आत जाऊन चूल सारवली.

माघात घडांत साखर भरली आणि कोल्हे आले. ओढ्याकडून आले की एक उठायचा, विहिरीकडून आले की दुसरा. पाट कुणी ओलांडत नव्हता. कोल्ह्यांना त्या वर्षी खरोखरच द्राक्षं आंबट लागली असतील. तोडणीला आठ दिवस उरले होते आणि बाग जशीच्या तशी होती.

एके सकाळी उजाडता उजाडता मी चूल पेटवत होते. ओढ्याकडचा भुंकला. ते भुंकणं कोल्ह्यावरचं नव्हतं. मी घासलेटचा रिकामा डबा आणि लाकडाचा ढलपा उचलला आणि बडवत धावले. पाटाशी आले तर पलीकडे चाळीसेक पावलांवर, वेल चढवलेल्या पांगाऱ्यांच्या रांगेत, बिबट्याने ओढ्याकडच्याची मान धरली होती.

विहिरीकडचा पाटाच्या काठावर उभा होता.

"छू! छू रे, छू!" मी ओरडले.

तो भुंकला. अंगभर थरथरला. पुढचा पाय उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पाय परत होता तिथे ठेवला. मी त्याला लाथ घातली. तर तो खाली बसला! थरथरत, कुंईकुंई करत, पण बसला. जे शिकवलं होतं ते त्याला पक्कं येत होतं.

डब्याच्या आवाजाने बिबट्या ओढ्यात उतरून गेला. मी पोचले तेव्हा ओढ्याकडचा संपलेला होता.

दुपारी मामंजी आले. काठी टेकत सगळी बाग फिरले. घड हातावर घेऊन पाहिले. मग म्हणाले, "राखलीस गं पोरी. आता इथून तुला कुणी हलवणार नाही. तुझ्या दिरांनाही सांगतो मी." वर्षभर ज्या शब्दांसाठी जगले ते हे. मी "बरं" म्हटलं. "ते जनावर पुरून टाक, वास सुटेल," असं सांगून मामंजी गावाकडे गेले.

ओढ्याकडे सगळा मुरूम, कुदळ लागत नाही. माती मऊ ती विहिरीकडे. मी त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि ओढत पाटापलीकडून अलीकडे आणलं. जड झाला होता. माझ्याच भाकऱ्या खाऊन झाला होता.

विहिरीकडचा उठून आला. मला वाटलं, वास घेईल. ओळखेल. त्याने मानेवरचे केस उभे केले, दात दाखवले आणि घोंगडीचं टोक तोंडात धरून ते ओझं परत पाटाकडे ओढायला लागला. आपल्या हद्दीबाहेर.

"अरे मेल्या, भाऊ आहे तो तुझा!" मी किंचाळले. "भाऊ आहे रे, भाऊ!"

वर्षभरात माझा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी तिथंच मातीत बसले. नवरा गेल्यापासून न आलेलं रडं आलं. ते नवऱ्यासाठी होतं की त्या मुक्या जनावरासाठी, की मी केलं त्यासाठी, मला वेगळं करता येईना.

त्याने घोंगडी सोडली. कान टवकारून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, मी काय करायला सांगतेय ते समजून घ्यायला. भाऊ हा शब्द मी त्याला कधी शिकवलाच नव्हता.