मोठा 'आय', बारीक 'यो'

सुशे, मी निघाले तेव्हा आटपाडीच्या स्टँडवर तू रडून रडून नाक लाल केलं होतंस, आणि आपले आण्णा मला एबीसीडी शिकवत होते! काय म्हणावं या माणसाला! लेक नवऱ्यामागं स्पेनला चाललीय, आणि हे मिलिटरीतून रिटायर झालेले गृहस्थ एसटीच्या खिडकीखाली ताठ उभे राहून सांगतात, "पोरी, इंग्लिशमदी 'मी' लिवताना 'आय' कॅपिटलच काढायचा. वाक्यात कुटं बी येऊ दे. आपल्या वाडवडलांनी लय मान खाली घातली. तू बारीक व्हायाचं न्हाई." गाडी हलली तरी ते बोलतच होते.

माद्रिदमध्ये नवरा हॉटेलच्या किचनमध्ये, मी संध्याकाळी स्पॅनिशच्या क्लासला. तिथं 'मी' म्हणजे 'यो'. मी तो वाक्याच्या मधेसुद्धा कॅपिटल लिहायची आणि बाई दर वेळी लाल गोल करायच्या. 'यो' बारीक, वार बारीक, महिनेसुद्धा बारीक. कॅपिटल फक्त वाक्याच्या सुरुवातीला आणि नावाला. मी इरेला पेटले. बालवाडीतली नोकरी स्पॅनिशच्या परीक्षेवर अडली होती, पण आण्णांचा शब्द मोडायचा कसा?

शेवटी बूथवरून आपल्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. आण्णांना बोलावून आणेपर्यंत माझी नाणी संपत आली. घाईघाईनं सगळं सांगितलं. मग आण्णांनी विचारलं, "तितं सायबाला कसं लिवत्यात?"

"बारीक."

"आन राजाला?"

"राजा पण बारीकच, आण्णा. नाव तेवढं मोठं. ते सगळ्यांचंच."

केवढे हसले गं! "मग लिव की बारीक, येडे! समद्यास्नी एकच कायदा आसंल तर आपली काय हरकत? आन आपल्या मराठीत तरी अक्षरं कुटं लहान-मोठी हायती? माणसं तेवढी केली हुती."

फोन कटला. मी बूथमध्येच डोळे पुसले. परीक्षा पास झाले, हे तुला ठाऊकच आहे.

आता आण्णा नाहीत. परवा बालवाडीतल्या एका चिमुरडीनं विचारलं, तुझं घर कुठं? 'यो' बारीक काढून मी फळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं, 'तू माद्रिदची आणि मी आटपाडीची.' आटपाडीचा 'ए' मात्र कॅपिटल. गावाच्या नावाला तो लागतोच. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच उरलंय, वाक्यात कुठंही आलं तरी मोठं लिहायचं नाव. चांगला फळाभर काढला मी तो 'ए'. आण्णांनी बघितला असता तर म्हणाले असते, "आजून जरा मोठा काढ."