साबणाने धुतलेला गूळ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं. कुणी वाचलंच तर पोटात घालावं.

आज किराणा आणला, गूळ ओट्यावर ठेवला आणि हात आपोआप साबणाकडे गेला. साथीच्या वर्षी मी सगळं सामान धुवायचे, कारण आमच्या यांना दमा आहे. एकदा गूळही साबणाच्या पाण्यात बुडवला आणि निम्मा वाहून गेला. ते ऐकून दुकानदार अण्णा दुकानापुढे बांधलेल्या दोरीपलीकडून हसले होते, "वहिनी, आता मीठ तेवढं धुवायचं राहिलं."

त्यांच्या हातून जे जे आलं ते मी धुतलं. साऱ्या गल्लीच्या नोटा मात्र ते उघड्या हातांनी घेत राहिले. आमचे हे वाचले, अण्णा गेले. कुणाच्या हातून तो आजार त्यांच्यापर्यंत पोचला, हे आता कळायचं नाही. माझ्याही हातून असेल. हात धुताना रोज तेच मनात येतं आणि नळ चालूच राहतो.

शेवटच्या दोन महिन्यांचा किराणा त्यांनी उधार दिला होता. आज गूळ घेताना त्यांच्या बायकोच्या हातात उरलेले तीनशे रुपये ठेवले. तिने ते न मोजता गल्ल्यात टाकले. पैसे सगळे फिटले.