कोपरावरची हेल्मेटं

बाइकच्या अपघातात गेलेल्या आपल्या दोन भावांच्या आठवणीत एक बाई बोरीवली ते गोरेगाव दर वर्षी बाइक रॅली काढते. घरच्या ट्रस्टतर्फे सगळ्यांना फुकट हेल्मेट. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. हनुवटीखालचा पट्टा ती प्रत्येकाला स्वतः लावते आणि दोनदा ओढून बघते.

यंदा आम्ही गोरेगावला पोचलो, तर ती आधीच तिथे उभी. निम्म्या लोकांची हेल्मेटं कोपरावर लटकत होती. माझंही.

"जाम उकडतं ना, ताई," मी म्हटलं.

तिने माझ्या हेल्मेटवरून बोट फिरवलं.

"माझ्या भावांचीपण अशीच घरी आली. एक ओरखडा नव्हता रे त्यांच्यावर."

मी लगेच हेल्मेट डोक्यात घातलं. गाडी स्टँडवर लावून झाल्यावर.