दहा दिवसांची रास

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अंगावर काटा येतो. तेव्हा मी धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका चौकीवर होतो. जामनेरकडचा एक तरुण डोंगरातले पाडे पायी फिरायला आला आणि नाहीसा झाला. मिसिंगची तक्रार दाखल झाली. मोबाईलचं शेवटचं लोकेशन पायथ्याचंच; पुढे रेंज नाही. त्याचे वडील रोज येऊन बाकावर बसत. नवव्या दिवशी म्हणाले, "साहेब, त्याची माय रोज त्याचं ताट वाढते. वाढू द्यावं का थांबवावं, एवढंच सांगा."

त्याच दिवशी आठवडे बाजारातल्या एका भांडीवाल्याने खबर दिली. सॅकवाला पोरगा एका म्हाताऱ्या वाटाड्याबरोबर वर जाताना त्याने पाहिला होता. वाटाड्याला चौकीत आणलं. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा एकच उत्तर, की वर सोडून परत आलो: "वरला पाडामा सोडं नि मी माघारे वनू." वरच्या पाड्यांवर सगळे मूग गिळून बसलेले. आम्ही दिसलो की दारं लागत, कुत्रीसुद्धा भुंकत नसत. गाव इतकं गप्प असलं, की सगळ्यांना सगळं माहीत असतं, हा माझा अनुभव.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यालाच पुढे घातलं आणि ती वाट धरली. ऐन दुपार, पण पाखराचाही आवाज नाही. एका वळणावर दगडांची गुडघाभर रास होती. म्हातारा वाकला, एक दगड उचलून राशीवर ठेवला आणि पुढे निघाला.

"हे काय आबा?"

"वाटवर माणूस मरना का जाणारानी दगड ठेवाना. जुनी गोट शे, साहेब."

मी कडेचा दगड हलवला. खालचं गवत पिवळं पडू लागलेलं, मुळाशी मात्र हिरवंगार. पोरगा नाहीसा झाल्यापासूनच्या दहा दिवसांत गुडघाभर रास! म्हणजे पाड्यापाड्यातला माणूस इथे दगड ठेवून गेला होता आणि आमच्यापुढे नकारार्थी मान हलवत होता.

"ही गोष्ट जुनी नाही, आबा."

म्हाताऱ्याने खाली ओढ्याकडे बोट केलं. तिथे प्रेत फांद्यांनी नीट झाकलेलं होतं. पंचनामा झाला. शवविच्छेदनात पडून झालेल्या जखमाच निघाल्या. खुनाचा संशय संपला.

मग म्हाताऱ्याने जबाब दिला. "सकाळे पाय घसरना, खाले पडना. जिता व्हता. मी तुम्हना चौकीवर वनथू, साहेब."

"चौकीवर आला होतात? कोणाला भेटलात?"

"तुम्हलेच. तुम्ही दारमा उभा व्हतात. 'काय रे, काय पाहिजे?' म्हणीसन आरडनात. मी घाबरनू. पानी मांगं, पिनू, माघारे गऊ. दिन बुडना तवय तो मरना."

मी स्टेशन डायरी चाळली. पाणी मागणाऱ्याची नोंद कोण करतं?

वडिलांना मीच सांगितलं की आता ताट वाढू नका. मुलगा दिवसभर जिवंत होता, हे सांगायला मात्र जीभ रेटली नाही. चोराने खाकीला घाबरावं, हे ठीकच. पण माझा दरारा मदत मागायला आलेल्यावर चालला, याची मला आजही लाज वाटते. पुढे नोकरीभर दारात आलेल्याला आधी बसवलं, मग विचारलं. त्या दिवशी दारात आलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न करतो. मला काहीच आठवत नाही.